आईच्या बदल्या

"ट्रान्सफर करताना अजिबात घाई करायची नाही," फिजिओथेरपिस्ट मुलगी मला सांगत होती. आई पलंगावर उताणी पडून पंख्याकडं बघत होती. तिनं मान न वळवताच विचारलं, "कुठं झाली?"

मुलीला काही कळलं नाही. मला कळलं. बाबा पाटबंधारे खात्यात होते आणि आमच्या घरात ट्रान्सफर या शब्दाला एकच अर्थ होता. कोयनानगर, पैठण, भीमानगर, धोम. जिथं धरण तिथं आमचं बिऱ्हाड. शेवटी सांगली. दर खेपेला खोकी बांधायची, लोणच्याच्या बरण्या गोधडीत गुंडाळायच्या आणि ट्रक हलेपर्यंत हमालांना "सावकाश, सावकाश" म्हणत राहायचं, हे खातं आईचं. आता ती ७३ वर्षांची होती, डावी बाजू गेली होती, आणि तिच्या स्वतःच्या नावावर पहिली बदली निघाली होती. पलंगावरून खुर्चीत. अंतर दीड फूट.

त्या दिवसापासून आमच्याकडं ट्रान्सफर हा शब्द बंद झाला. बदलीच. सकाळी चहा झाला की आई विचारायची, "आज किती?" एकदा मी खरंच मोजल्या. पलंग ते कमोडची खुर्ची, परत पलंग, पलंग ते व्हीलचेअर, दुपारची झोप, संध्याकाळी पुन्हा तेच. आठ भरल्या. बाबांच्या अख्ख्या नोकरीत सात झाल्या होत्या.

पक्षाघाताचा झटका आला २०१९च्या दिवाळीनंतर. रुग्णालयातून घरी आणताना हातात कागदांची जाडजूड पिशवी दिली. औषधं, पथ्य, पुढच्या तपासणीची तारीख, सगळं होतं. 'रोज खुर्चीत बसवणे' असंही एका कागदावर लिहिलं होतं. कसं बसवायचं, ते कुठंच नव्हतं. तिथं ते काम दोन वॉर्डबॉय करायचे, आम्ही दाराशी उभे राहून बघायचो आणि आपल्यालाही जमेल असं वाटायचं. जमलं नाही. पहिला आठवडा मी तिच्या बखोटीत हात घालून उचलायचो, बायको पायाकडं धरायची, "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि आई खुर्चीत आदळायची. तीनवर उचलायचं की तीन म्हणून झाल्यावर, यावर आमचं कधी एकमत झालं नाही. तिसऱ्या दिवशी तिचा डावा खांदा दुखायला लागला.

फिजिओथेरपिस्टनं आल्या आल्या खांद्याला हात लावला आणि आमच्याकडं बघितलं. "कुणी ओढलं आजींना?" मग तिनं मुठीवर तळहात ठेवून दाखवलं. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ वाटी. दंडाचं हाड त्या वाटीत राहतं ते भोवतीच्या स्नायूंच्या जोरावर. लकव्यानं स्नायू ढिले पडले की हाताच्या नुसत्या वजनानंसुद्धा हाड खाली उतरतं. वर आपण बखोटीला धरून ओढायचं म्हणजे झालंच. हा खांदा महिनोन् महिने दुखत राहतो, दुखतो म्हणून माणूस व्यायाम करत नाही, आणि व्यायाम नाही म्हणून हात तसाच राहतो.

"हाताला धरून ओढायचं नाही, कधीच नाही," ती म्हणाली.

"मी ओढलं होतं," आई मध्येच बोलली. "कोयनेला. भूकंपात." ११ डिसेंबर १९६७ची पहाट. लग्नाला वर्ष झालेलं. क्वार्टरच्या भिंती हलायला लागल्या आणि बाबा उठेचनात. तिनं त्यांना दंडाला धरून फरफटत अंगणात आणलं. "ते नंतर पंधरा दिवस दंड चोळत होते. खरंय हिचं."

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आणि मला उचलू नका. उचलायचं ते एकदाच, शेवटी. आत्तापासून सवय कशाला?"

हे ती हसत म्हणाली, पण मी त्या शब्दाला अडखळलो तो अडखळलोच. आपण पटकन म्हणतो, आईला उचलून ठेवलं. ठेवलं! पोतं ठेवतात, पिंप ठेवतात. पुढच्या तीन वर्षांत आमच्या घरात जी जी वस्तू आली, तिची मी मनातल्या मनात एकच परीक्षा घेत राहिलो. या वस्तूनं आई उठते, की आईला उचललं जातं?

पहिली गोष्ट कळली ती वस्तूबद्दल नव्हतीच, माझ्या उभं राहण्याबद्दल होती. मी आईच्या समोर भिंतीसारखा उभा राहायचो, आधार म्हणून. पण माणूस बसल्या जागेवरून उठतो तो सरळ वर जात नाही, आधी पुढं जातो. स्वतः उठून बघा. पाय मागं घेता, छाती पुढं झुकते, नाक पायाच्या बोटांच्या पुढं येतं, आणि डोकं पुढं गेलं की बूड आपसूक हलकं होतं. मी तिची पुढं झुकायची जागाच अडवून उभा होतो आणि वर दोन्ही हातांनी तिला वर ओढत होतो. आता मी जरा बाजूला सरकायला शिकलो. खुर्ची तिच्या चांगल्या बाजूला, उजवीकडं, पलंगाशी थोडी तिरकी. ब्रेक लावलेले, पायटे दुमडलेले. पलंगाच्या कडेला दोन मिनिटं नुसतं बसायचं, कारण आडवं असलेलं माणूस एकदम बसतं केलं की रक्तदाब उतरून भोवळ येते. तिचा डावा गुडघा माझ्या गुडघ्यांत धरायचा, म्हणजे तो मध्येच दुमडत नाही. माझ्या गळ्यात हात टाकायचा नाही, हे तिला बजावलेलं. तिचा उजवा हात खुर्चीच्या हातावर.

आणि एक-दोन-तीन बंद. आई म्हणाली, "ऑर्डर मी काढणार." तेव्हापासून ती पुढं झुकायची, थांबायची, स्वतःशी काहीतरी जुळवायची आणि म्हणायची, "चल." कधी दहा सेकंदांनी, कधी दोन मिनिटांनी. मला बँकेत जायचं असायचं, जीव नुसता वर-खाली व्हायचा. पण ऑर्डर आल्याशिवाय बदली होत नसते, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

डाव्या हाताचं तिनं 'धाकटी जाऊ' असं नाव ठेवलं होतं. काम शून्य आणि सगळीकडं बरोबर न्यायची. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला आला की पुष्कळदा डाव्या बाजूचं भानच सुटतं. डोळ्याला दिसत असतं, पण त्या बाजूला काही आहे हेच मनात येत नाही. ताटातली भाजी-आमटी संपवून आई तक्रार करायची की आज चटणी-कोशिंबीर केली नाही. ती डावीकडं तशीच असायची. बदलीतही तेच. आई खुर्चीत, आणि धाकटी जाऊ मागं पलंगाच्या कडेला अडकलेली. मग तिनं स्वतःच नियम केला, 'चल' म्हणायच्या आधी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर घ्यायचा. "या बाई, तुम्हीपण या."

पट्टा आला तो पहिल्याच महिन्यात. कंबरेला बांधायचा चांगला चार बोटं रुंद कापडी पट्टा, दोन्ही अंगांना आणि पाठीमागं धरायला मुठी. ऑनलाइन मागवला, बाराशे रुपयांना. दिसायला अगदीच किरकोळ. पण आमच्या घरातली एक न बोललेली अडचण त्यानं सोडवली. पन्नाशीच्या मुलानं आईला रोज आठ वेळा कवेत घ्यायचं, हे तिला नको होतं आणि मलाही अवघड जायचं. ती डोळे मिटून घ्यायची. मी दुसरीकडं बघायचो, आणि दुसरीकडं बघत माणसाला धरलं की ते पडतं. पट्ट्यामुळं हातांना जागा मिळाली. तो उचलायला नसतो, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. तो म्हणजे बसच्या दांडीसारखा, तोल गेला तर धरायला. गाऊनवरून बांधायचा, बोटं जेमतेम आत जातील इतका घट्ट. ढिला असला तर वर सरकून काखेत येतो आणि पुन्हा खांद्याचंच मरण.

नायलॉनच्या साडीचं श्रेय मावशींचं. मावशी म्हणजे दिवसा आईला सांभाळायला यायच्या त्या. वीसेक वर्षं दवाखान्यांतून आणि घराघरांतून हेच काम केलेलं. पलंगावरच आईला वर सरकवायचं असलं, म्हणजे ती घसरत घसरत पायथ्याशी गेलेली असली, की मी आणि बायको खालची सोलापुरी चादर चार टोकांना धरून ओढायचो. सोलापुरी चादर अंगावर घ्यायला जगात तोड नाही, सरकवायला तिच्याइतकी वाईट चीज नाही. गादीला धरून बसते. मावशींनी दोन दिवस हा तमाशा बघितला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "आक्का, तुमची एकांदी जुनी नायलॉनची हाय का?"

होती. पैठणला असताना घेतलेली, गुलाबी, मोठ्या फुलांची. तेव्हा नायलॉनचं वारं होतं. मावशींनी ती दुहेरी घडी करून आईच्या पाठीखालून सारली. नायलॉनवर नायलॉन. आई एका झटक्यात उशीपाशी, मलाच धक्का बसला. नंतर कळलं की परदेशात याच तत्त्वावर खास बुळबुळीत चादरी विकतात, स्लाइड शीट नावानं. मावशींना नाव माहीत नव्हतं. काम झालं की साडी लगेच काढून घ्यायची, एवढं त्या न चुकता करायच्या. नाहीतर माणूस पुन्हा घसरत पायथ्याशी.

आता चुका सांगतो. सगळ्यात मोठी व्हीलचेअरची. आपल्याकडं हालचाल गेली म्हणजे व्हीलचेअर, हे समीकरण इतकं पक्कं आहे की नातेवाइकांनी फोनवर दुसरं काही सुचवलंच नाही. २०१७ साली केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आली, तिची सुरुवातीची यादी बघा. काठी, कुबड्या, वॉकर, ट्रायपॉड, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी. उपयोगाच्याच गोष्टी आहेत, गरिबाला मिळाल्या तर उत्तमच. पण व्हीलचेअरपर्यंत पोचायचं कसं, हा दीड फुटांचा प्रश्न त्या यादीत नव्हता. आमच्याही डोक्यात नव्हता. आम्ही दुकानात गेलो आणि स्वस्तातली, दणकट, हात पक्के जोडलेली खुर्ची घेऊन आलो.

मग फिजिओथेरपिस्ट म्हणाली, ज्या दिवशी पायात जोर नसेल त्या दिवसासाठी सरकफळी करून घ्या. पलंग आणि खुर्ची यांच्यात पूल टाकायचा, आणि बसल्या बसल्या त्याच्यावरून सरकायचं. आमच्या सुताराला बोलावलं. "कसली फळी? मांडणीची?" त्यानं विचारलं. "माणूस सरकवायची," मी म्हटलं. तो आईकडं बघून गप्प झाला आणि मग इतकी निगुतीनं केली त्यानं ती फळी की काय सांगू. १८ मिलिमीटरचा प्लाय, अठ्ठावीस इंच लांब, आठ इंच रुंद, दोन्ही टोकं उतरती करून तासलेली, काठ गोल, वर सनमायका. कूस लागू नये म्हणून स्वतःच्या गालावरून फिरवून बघितली. पैसे फळीचे घेतले, मजुरी घेतली नाही.

फळी आली आणि खुर्चीच्या हातावर जाऊन आपटली. हात निघतच नव्हते! पूल बांधला आणि पलीकडं तटबंदी. ती खुर्ची विकून निघणाऱ्या हातांची दुसरी घेतली तेव्हा पलंग तीन इंच खाली निघाला. कापसाची गादी वर दिसायला उंच, बसलं की खड्डा. म्हणजे आईनं चढण चढत खुर्चीत जायचं.

"तुझे बाबा असते तर आधी लेव्हल घेतली असती," आई म्हणाली. खरंच होतं. माळ्यावरच्या पेटीत बाबांची पाणसळ होती, लाकडी, मधल्या काचेत हिरवट पाणी. ती मी फळीवर ठेवली. बुडबुडा खुर्चीकडं पळाला. पलंगाच्या कोपऱ्यांखाली सागवानी ठोकळे घातले, गादी काथ्याची आणली, आणि बुडबुडा मधोमध आला. "पाणी उतारानंच जातं," हे बाबांचं वाक्य. पण इथं जाताना उतार हवा तर येताना चढ होणार, म्हणून मधोमधच बरं. त्या दिवशी आई फळीवरून गेली ती जवळजवळ स्वतःच गेली. उजवा हात टेकायची, बूड थोडं हलकं करायची, चार बोटं पुढं. पुन्हा चार बोटं. मी पट्टा नुसता धरून होतो. सहा-सात हप्त्यांत खुर्चीत. घामाघूम झाली होती. "ही बदली मी मागून घेतली," म्हणाली.

मार्च २०२०मध्ये सगळं बंद झालं. मावशी त्यांच्या गावी अडकल्या, फिजिओथेरपिस्ट व्हिडिओवर. ते तीन महिने निभावले ते या पट्ट्यावर, साडीवर आणि फळीवर. त्याच वर्षी मी बँकेतलं प्रमोशन नाकारलं, कारण त्याबरोबर बदली होती. आईला सांगितलं नाही. तिला ते कळलंच असणार.

न्हाणीघराबद्दल थोडक्यात, कारण आठवलं की अजून डोकं फिरतं. दार दोन फुटांचं, कमोडची खुर्ची तेवीस इंचांची, आणि उंबऱ्याला ग्रॅनाइटची पट्टी. दार काढून टाकलं आणि पडदा लावला. पट्टी गवंड्याकडून काढून घेतली. टॉवेलची दांडी धरून आई एकदा उठायला गेली आणि दांडी स्क्रूंसकट हातात आली. नशीब मागं मावशी होत्या. टॉवेलची दांडी टॉवेलचंच वजन घेते. माणसासाठी भिंतीत खोल बसवलेली वेगळी दांडी लागते, ती त्यानंतर बसवली. पडद्यामागून आई गाणं म्हणायची, आत कुणीतरी आहे हे कळावं म्हणून.

२०२१च्या शेवटी न्यूमोनिया झाला आणि त्यातून आई उठली ती पायातलं बळ गमावूनच. पाय रोवता येईनात. त्याच सुमाराला एका सकाळी तिला वळवताना माझ्या कंबरेत कळ आली आणि मी तिच्याच पलंगावर आडवा झालो. अमेरिकेत टॉमस वॉटर्स नावाच्या संशोधकानं २००७ साली हिशेब मांडला होता की रुग्णाला हातांनी उचलताना एका माणसावर ३५ पौंडांहून जास्त वजन येऊ नये, तेही परिस्थिती अनुकूल असली तर. म्हणजे १६ किलो. भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या घरात असतो. आई ६२ किलोंची. मी हे मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग माझी कंबर कवाच जायला पायजे हुती. गेलीच हाय म्हना." वीस वर्षं त्यांनी लोकांचे आईवडील उचलले होते, आणि संध्याकाळी घरी जाऊन कंबरेला विटेचा शेक घेत होत्या. आमच्याकडं दोन वर्षं येत होत्या. मी एकदाही विचारलं नव्हतं.

मग मिरजेहून भाड्यानं हॉयर लिफ्ट, म्हणजे माणूस उचलायचं यंत्र, आणली. खाली चाकांची दोन लांब पावलं, मध्ये खांब, त्याला पंप मारायचा दांडा, वर आकड्याला झोळी. ती आणली आणि पलंगाखाली जाईना. आमचा बॉक्सचा पलंग, खाली सगळा खण. लिफ्टची पावलं पलंगाखाली सरकली नाहीत तर खांब माणसापर्यंत पोचतच नाही. खणात काय होतं? पितळेची भांडी, रजया, आणि एका खोक्यावर बाबांच्या अक्षरात 'भीमानगर – काच – सांभाळून'. ते खोकं तिथून निघाल्यापासून उघडलेलंच नव्हतं. पलंग दिला आणि दवाखान्यातला पायांचा पलंग भाड्यानं आणला.

झोळी हा शब्द ऐकून मावशी हळव्या झाल्या, "आक्का, आता तुमी बाळ झाला." आईला ते मुळीच आवडलं नाही. तिला धरणावरची क्रेन आठवत होती. "सिमेंट असं लोंबायचं. खाली कुणी उभं राहायचं नाही." पहिल्या दिवशी ती जमिनीपासून अधांतरी झाली तेव्हा तिचा उजवा हात हवेत काहीतरी शोधत होता. ऑर्डर काढायला तोंडच उघडेना. ही वस्तू माझ्या परीक्षेत नापास, असं मी ठरवून टाकलं.

घाई झाली माझी. भाड्यानं देणारा पोरगा दुसऱ्या दिवशी येऊन शिकवून गेला. झोळीचे खांद्याकडचे बंद आखूड, पायांकडचे लांब घेतले की माणूस बसता राहतो; आम्ही उलटं लावून तिला आडवी टांगली होती. खुर्चीचा ब्रेक लावायचा, पण लिफ्टची चाकं मोकळी सोडायची, म्हणजे ती स्वतःच वजनाच्या खाली येते. आणि तिचा हात मोकळा ठेवायचा नाही, छातीवर घ्यायला सांगायचा. धाकट्या जावेसकट. मग मी तिला हॉयरची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या ऑशकॉश गावचा टेड हॉयर, १९३६ साली ट्रकच्या अपघातात हातपाय लुळे पडलेला तरुण. हे यंत्र त्याच्या नावाचं, आणि त्याच्या स्वतःच्याच गरजेतून निघालेलं.

"म्हणजे यानं स्वतः लोंबून बघितलंय," आई म्हणाली. बराच वेळ गप्प बसली. "मग चल."

लिफ्टमुळं ती आणखी सव्वा वर्ष रोज दुपारी गॅलरीत बसली. बाबांच्या वेताच्या खुर्चीत नाही, ते काही जमलं नाही.

मार्च २०२३मध्ये ती गेली, झोपेत. सकाळी सोसायटीतले चौघे आले. वर्षानुवर्षं शेजारी राहणारी चांगली माणसं. एकानं पायाकडं धरलं, दुसऱ्यानं सवयीनं डाव्या बखोटीत हात घातला.

"तिथं नको," मी म्हणालो. "डावा खांदा दुखतो तिचा."

सगळे थांबले. कुणी काही बोललं नाही. मावशी आत गेल्या आणि गुलाबी साडी घेऊन आल्या, दुहेरी घडी करून.

महिन्याभरानं मावशींचा फोन आला. मिरजेत नवीन काम लागलंय, एक आजोबा आहेत, पट्टा मिळेल का म्हणाल्या.

"न्या की. वजन किती आहे त्यांचं?"

"सत्तर तरी असंल."

"मग फळीपण न्या," मी म्हटलं. "पण आधी बघून या, त्यांच्या खुर्चीचे हात निघतात का."